गिटारवरून उतरवलेली घोडी

मित्रांनो, मी एक जुनी घोडी आहे, पण लगेच चारा घालायला धावू नका. मला शेपूट नाही, खूर नाहीत आणि मी जन्मात कधी खिंकाळलेली नाही. वाद्याच्या पोटावर बसून जी तारांना आपल्या पाठीवर उचलून धरते तिला घोडी म्हणतात. मी इलेक्ट्रिक गिटारची घोडी. त्यातही साधीसुधी नाही, हलणारी! हे सांगताना अजूनही माझी मान ताठ होते. मान नसली तरी.

हलणारी म्हणजे काय, ते आधी सांगते, नाहीतर पुढे तुमचं लक्ष लागायचं नाही. माझ्या एका बाजूला एक वाकडी दांडी असते. ती दाबली की मी पुढे झुकते, तारा सैल पडतात आणि वाजत असलेला सूर हळूहळू खाली उतरतो. दांडी सोडली की माझ्या पोटाखालच्या स्प्रिंगा मला मागे खेचतात आणि सूर पुन्हा वर येतो. दांडी नुसती हलकेच हलवत राहिलं तर सूर थरथरतो, अगदी रडू आवरणाऱ्या माणसाच्या आवाजासारखा. थोडक्यात, सुराला घरातून बाहेर फिरवून आणायचं आणि परत त्याच्याच दारात आणून सोडायचं, हे माझं काम. मी ते नीट केलं. हे वाक्य मी मुद्दाम इथेच सांगून ठेवते, कारण पुढे सगळे मिळून मलाच नावं ठेवणार आहेत.

सध्या मी गॉगलच्या एका मोठ्या डबीत पडून आहे. डबीचं झाकण लागत नाही, त्यामुळे मला खोली दिसते. मी इथे कशी आले ते ऐका. मध्येच कुणी 'बिच्चारी' म्हणू नका हं. मला रडू येतं, आणि लोखंडाला ओल सोसत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला जाड पत्र्यातून कापलं, वाकवलं, भोकं पाडली आणि कसल्याशा पाण्यात बुडवून इतकं चमकवलं की शेजारच्या घोडीत मला माझंच तोंड दिसायला लागलं. पोटाला एक जड ठोकळा लावला. पाठीवर सहा तारांसाठी सहा बैठका बसवल्या. शेवटी तपासणीच्या टेबलावरच्या एका बाईंनी माझी दांडी दाबली, सोडली, कान दिला आणि म्हणाल्या, "हं, ही चालेल." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. एवढंसंच होतं, पण मला कितीतरी दिवस पुरलं.

मग मला एका निळ्या गिटारवर बसवलं आणि ती गिटार एका मुलीने घेतली. तेव्हा ती मुलगी होती. आता घरातली धाकटी तिला आत्या म्हणते, म्हणून मीही आत्याच म्हणते.

आत्या एका हॉटेलच्या वाद्यवृंदात वाजवायची. जेवणारी माणसं समोर, चमच्यांचा खणखणाट, आणि कोपऱ्यातल्या बुटक्या स्टेजवर आत्या. बाकीचे वाजवणारे नाचायचे, केस उडवायचे. आत्या एका जागी उभी राहायची. पण तिची एक लकब होती. ती दांडीला फारसा हात लावत नसे. उजव्या हाताच्या तळव्याची टाच, म्हणजे मनगटाजवळची गादी, ती माझ्या पाठीवर ठेवायची आणि लांब सूर आला की तिथूनच मला किंचित दाबायची, सोडायची. सूर असा थरथरायचा की जेवणारे घास हातात धरून थांबायचे. लोक म्हणायचे, "काय बोटं आहेत!" बोटं? मित्रांनो, बोटं दुसरीकडे होती. ती करामत तळव्याची आणि माझी! पण असो. आत्याला माहीत होतं. त्या तळव्याच्या घामाने माझी चकाकी एका जागी उडाली आणि तिथे चंद्रकोरीएवढा तपकिरी डाग पडला. मला तो डाग फार आवडतो.

आत्याची आणखी एक सवय होती आणि माझी सगळी गोष्ट त्या सवयीवर उभी आहे, तेव्हा नीट ऐका. कार्यक्रमाआधी ती मागच्या खोलीत जायची, दार लावायची आणि कानामागे खोचलेली पेन्सिल काढायची. गिटारच्या मानेच्या टोकाला एक पांढरी पट्टी असते. पट्टीला सहा खाचा असतात आणि त्या खाचांतून तारा वर खुंट्यांकडे जातात. आत्या एकेक तार सैल करून बाजूला सारायची, तिच्या खाचेत पेन्सिलीचं टोक घासायची आणि तार पुन्हा जागेवर बसवायची. शिशाची ती काळी भुकटी म्हणजे खाचेचं तेल. ती नसेल तर तार खाचेत अडकते. मी तिला जागेवर आणून सोडते, पण ती वरच्या वर चिमटीत धरल्यासारखी अडकून बसते आणि सूर चढा लागतो. नंतर खुंटी पिळली की तार 'टक्' असा आवाज करून सुटते. भुकटी असेल तर 'टक्' नाही आणि सूरही बिघडत नाही. एवढी साधी गोष्ट. पण लावलेल्या दारामागे काय चालतं ते कुणी कधी पाहिलंच नाही.

आत्याने स्वतः एक धून बांधली होती. शेवटी तिच्यातला सूर खोल खोल खाली जायचा, तळाशी थांबायचा आणि सावकाश वर यायचा. तिची भाची तेव्हा बोबडं बोलायची. तिने ती ऐकली आणि टाळ्या पिटत ओरडली, "पानबुली!" तेव्हापासून त्या धुनेचं नाव पाणबुडी. आणि भाचीचं नाव भोंगा, कारण ती जन्मल्यापासून एकाच आवाजात बोलते, सर्वात वरच्या.

मग एके दिवशी आत्या आजारी पडली. मला फक्त एवढंच कळलं की गिटार पिशवीत गेली आणि पिशवीची चेन बराच काळ उघडलीच नाही. आत अंधार, तारांवर गंज, स्प्रिंगांना आळस. मला वाटलं, विसरले वाटतं सगळे आपल्याला.

चेन उघडली तेव्हा समोर भोंगा होती, उंच झालेली, दातांना तार लावलेली. दातांची तार बघून मला उगाचच माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. घर आत्याच्या धाकट्या भावाचं, म्हणजे भोंग्याच्या बाबांचं होतं. खाली त्याचं चष्म्याचं दुकान, वर राहायच्या खोल्या. खिडकीशी एका खुर्चीत आत्या बसली होती. तिचा उजवा हात मांडीवर असा ठेवलेला होता जसा कुणी दुसऱ्याचा सांभाळायला दिलाय. बोलणंही गेलं होतं. तोंडून एकच शब्द नीट निघायचा, "नाही." चहा हवा का? "नाही," आणि लगेच कपासाठी डावा हात पुढे. झोपायचं का? "नाही," आणि डोळे मिटलेले. त्यामुळे घरात कुणी तिचं 'नाही' खरं धरत नसे.

गिटार दिसली तेव्हा तिचे डोळे असे उजळले की काय सांगू! भोंग्याने ती उचलून थेट तिच्या मांडीवर ठेवली. आत्याने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि माझ्यावर ठेवायला गेली. तो घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला आणि खुर्चीच्या बाजूला लोंबला. आत्याने तोंड फिरवलं. मी काय करणार होते? मला हात धरून ठेवता येत नाही.

"उचल ती गिटार," भोंग्याची आई हळूच म्हणाली. "पुन्हा त्यांच्याजवळ नेऊ नकोस. त्रास होतो त्यांना."

तेव्हापासून गिटार समोरच्या भिंतीशी स्टँडवर आणि आत्या खिडकीशी. मध्ये फक्त एक सतरंजी. पण ती सतरंजी समुद्राएवढी होती.

भोंग्याला आत्याने लहानपणी साध्या लाकडी गिटारवर शिकवलं होतं. हलणाऱ्या घोडीला मात्र हात लावू दिला नव्हता. "तुझा पंजा मोठा होऊ दे, मग," म्हणायची. आता पंजा मोठा झाला होता. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात भोंगा पाणबुडी वाजवणार होती आणि पहिल्या रांगेत आत्या बसणार होती. भोंग्याने घरात जाहीर करून टाकलं, "आत्तूला तिची धून परत ऐकू येणार! आणि ती पण स्टेजवरून! माझ्याकडून!"

नव्या तारा आल्या. सराव सुरू झाला. सुरुवात छान व्हायची. मग शेवट यायचा, भोंगा दांडी दाबायची, पाणबुडी तळाशी जायची आणि वर यायची ती भलत्याच बंदरात. सूर चढा! पुढचं प्रत्येक वाक्य बेसूर! भोंगा खुंट्या पिळायची. टक्. पुन्हा वाजवायची. पुन्हा चढा. पुन्हा टक्.

मी ओरडत होते, मित्रांनो. अगं, वर बघ! त्या पांढऱ्या पट्टीकडे बघ! पण मी ओरडले तरी सूरच निघणार, आणि तोही बेसूर.

खिडकीशी आत्या ताठ बसली. तिने तो 'टक्' ऐकला होता. मी शपथेवर सांगते, ऐकला होता. तिचा डावा हात उठला. भोंग्याच्या दप्तरातून कंपासपेटी डोकावत होती. त्या पेटीतली पेन्सिल आत्याने ओढून काढली आणि हवेत घासल्यासारखी हलवली.

"अय्या!" आई स्वयंपाकघरातून पळत आली. "अहो, ऐकलंत का, ताईंना लिहायचंय! डॉक्टर म्हणाले होते ना, लिहावंसं वाटेल म्हणून!"

लगेच कागद आला. त्याच्याखाली पुठ्ठा आला. आत्याने कागद ढकलला. "नाही."

"कागद पातळ आहे वाटतं," बाबा म्हणाले आणि जाड कागद आणला. तोही ढकलला. "नाही, नाही." मग बाबांनी पेन्सिल काढून घेतली आणि हातात धरायला सोपं म्हणून जाडजूड पेन दिलं. आत्याने ते असं भिरकावलं की ते सोफ्याखाली गेलं.

"लिहिता येत नाही म्हणून राग येतो हो त्यांना," आई डोळे पुसत म्हणाली.

आत्याने गिटारकडे बोट केलं. आईने काय करावं? तिने हळूच गिटारवर एक चादर टाकली. चादरीखाली अंधारात मी विचार करत बसले. सगळी माणसं किती प्रेमळ, किती धावपळ करणारी! आणि तरीसुद्धा एक पेन्सिल सतरंजी ओलांडू शकत नव्हती.

असं रोज व्हायला लागलं. पेन्सिल, कागद, "नाही". पेन्सिल, पाटी, "नाही". आईने तर फळा आणायचाही विचार केला.

इकडे कार्यक्रम जवळ यायला लागला. बाबांनी एका संध्याकाळी दुकान बंद करून गिटारचं निदान करायला घेतलं. बाबा म्हणजे जगातला प्रत्येक स्क्रू आपला नातेवाईक आहे असं समजणारा माणूस. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मला वरून खालून पाहिलं, दांडी हलवली आणि माझ्या तपकिरी डागावर नख आपटलं.

"हे बघ भोंग्या, सोपं आहे. चष्मा नाकावरून घसरतो तेव्हा काय बिघडलेलं असतं?"

"नाक?"

"बिजागरी! हलतं ते झिजतं. ही तुझी घोडी म्हणजे गिटारची बिजागरी. बघ कशी गंजलीय. बदलून टाकू."

"पण ही आत्तूची आहे."

"गिटार आत्तूचीच राहील की! दांड्या बदलल्या म्हणून चष्मा काय दुसऱ्याचा होतो?"

घरात चष्म्याचं दुकान असलं की असं होतं. सगळी दुखणी बिजागरीपाशी येऊन थांबतात. भोंग्याने माझ्या डागावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "ठीक आहे. पाणबुडी वर आली पाहिजे. बाकी काही असो."

नवी घोडी आली. जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरला. मोबाइलवर कुणीतरी घोडी कशी बदलायची ते दाखवत होतं आणि बाबा सारखे "थांबव, थांबव, मागे घे" म्हणत होते. भोंग्याने तारा सैल करून पकडीने कापल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाठीवरचं ओझं गेलं आणि मला एकदम हरवल्यासारखं झालं. मग गिटार पालथी घातली, मागचं झाकण काढलं. बाबा स्प्रिंगा आकड्यांतून सोडवायला लागले. एक उडाली ती थेट साखरेच्या डब्यात.

"साखरेचा डबा उघडा कुणी ठेवला?" बाबा.

"टेबलावर कारखाना कुणी मांडला?" आई.

आत्या खिडकीशी ओरडत होती. "नाही! नाही! नाही!" खुर्चीचा हात ती डाव्या हाताने बडवत होती.

"झालंच, ताई, झालंच," बाबा न बघता म्हणाले. "नवी कोरी करून देतो तुझी गिटार."

आईने येऊन तिची खुर्ची खिडकीकडे वळवली. "बाहेर बघा, ताई. किती छान वारा सुटलाय." आत्या बाहेर बघत "नाही" म्हणत राहिली, हळूहळू, अधिक हळू, आणि मग थांबली. माझ्या स्क्रूंपेक्षा ते थांबणं मला जास्त टोचलं.

माझे स्क्रू निघाले. एक जुना स्क्रू अर्ध्यातच मोडला, तोही बाबांनी कोरून काढला. नव्या घोडीची भोकं माझ्या भोकांपेक्षा किंचित सरकलेली होती, म्हणून त्यांनी माझी जुनी भोकं लाकडाच्या काड्या आणि डिंक भरून बुजवली आणि बिनफ्रेमच्या चष्म्याला भोकं पाडायच्या बारीक ड्रिलने नवी पाडली. कामात सफाई होती, हे मला कबूल करायलाच हवं. माझं घर लिंपून टाकताना मी टॉवेलवर पडून ती सफाई बघत होते.

शेवटी बाबांनी मला काच पुसायच्या मऊ फडक्याने पुसलं. "टाकायला जिवावर येतंय," असं पुटपुटले आणि मला गॉगलच्या डबीत ठेवलं. डबी आत्याच्या खुर्चीशेजारच्या कपाटावर.

नव्या घोडीबद्दल मी वाईट बोलणार नाही. ती बिचारी चांगली, चकचकीत आणि कामसू आहे. पण भोंग्याने नव्या तारा चढवून पाणबुडी वाजवली, दांडी दाबली, सोडली आणि... चढा! खुंटी पिळली. टक्!

मला हसू यायला हवं होतं ना? खरं सांगते, नाही आलं. भोंग्याचं तोंड बघवत नव्हतं.

"नव्या चष्म्याची सवय व्हायला वेळ लागतो," बाबा म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

शाळेत तालीम झाली. भोंगा घरी आली आणि बूटमोजे न काढता सतरंजीवर धपकन बसली. आईने सवयीने "बूट!" म्हटलं आणि तिचा चेहरा पाहून शेजारी येऊन बसली.

"संगीताच्या बाई म्हणाल्या, उद्या शेवटची तालीम. उद्या पण बेसूर झालं तर पाणबुडी काढून टाकणार."

"मग तू काय करायचं?" आईने विचारलं.

"निवेदन! 'आणि आता आपल्यासमोर सादर करीत आहोत...' मला निवेदन करायला लावणार, आई! माझा आवाज मोठा आहे म्हणून! आत्तूला पहिल्या रांगेत बसवून मी काय तिला सूचना वाचून दाखवू?"

बाबा जिन्यावर आले होते, ते तिथेच थांबले. भोंग्याने नाक पुसलं आणि गिटार मांडीवर घेतली. पुन्हा एकदा वाजवली. टक्.

आत्याची खुर्ची हलली. डावा हात सतरंजीकडे वाकला. कंपासपेटी उघडीच पडली होती. आत्याने पेन्सिल उचलली.

"आणते, ताई, आणते," म्हणत आई उठली आणि ड्रॉवरमधून कागद काढायला लागली.

"आई, थांब."

भोंग्याचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो चक्क हळू होता.

"कागद नको आणूस. रोज ती कागद ढकलते. पाटी ढकलली. पेन फेकलं. पेन्सिल मात्र कधीच फेकत नाही."

"अगं, मग पेन्सिल कशाला मागतील त्या?"

"मला काय माहीत? तिलाच माहीत. आपण दरवेळी मध्येच कागद का घुसवतो?" भोंगा गुडघ्यांवर सरकत खुर्चीपाशी गेली. "आत्तू, पेन्सिल घे. ठेव तुझ्याकडेच. आता दाखव, कुठे?"

आत्याने गिटारकडे बोट केलं.

"नको गं, रडतील त्या," आई म्हणाली.

"रडू दे ना, आई! आपण काय कमी रडतोय?"

आणि तिने गिटार उचलून सतरंजी ओलांडली. मित्रांनो, डबीतून मी ते पाहिलं. तेवढंच अंतर, पण ते कापायला किती वेळ लागला होता! भोंग्याने गिटारची मान आत्याच्या डाव्या हाताजवळ धरली. आत्याने पेन्सिलीचं टोक पांढऱ्या पट्टीवर टेकवलं आणि सर्वात बारीक तारेच्या खाचेशी घासायला लागली.

"अहो ताई, गिटारवर नका लिहू!" आई.

"ती लिहीत नाहीये," बाबा हळूच म्हणाले. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं होतं. मला वाटतं, त्याशिवायच त्यांना नीट दिसलं असावं.

आत्या नखाने तार बाजूला सारायला बघत होती. तिला ते जमेना. भोंग्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडलेला मी पाहिला. तिने खुंटी पिळून तार सैल केली आणि खाचेतून उचलून धरली. आत्याने खाचेत पेन्सिल घासली. काळी भुकटी पडली. तार बसवली. पुढची. त्याच्या पुढची. दोघींचे मिळून तीन हात, पण काम अगदी मागच्या खोलीतल्यासारखं झालं, आणि या वेळी दार उघडं होतं.

तारा लावताना एकदाही 'टक्' झालं नाही. भोंग्याने दांडी दाबली. सूर खोल गेला, तळाशी थांबला आणि वर आला. तिथेच! अगदी तिथेच! भोंग्याने अशी किंकाळी फोडली की खाली रस्त्यावर कुणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं. आई कागद हातात घेऊन हसतही होती आणि रडतही होती.

"मेलं, आम्ही आपले रोज कागदच पुढे करतोय," ती म्हणत होती, "रोज कागद!"

बाबा मात्र कपाटापाशी आले. त्यांनी मला डबीतून काढून तळहातावर घेतलं.

"म्हणजे हिचं काही बिघडलंच नव्हतं."

आरडाओरडा थांबला. भोंगा माझ्याकडे बघायला लागली. "परत बसवता येईल का?"

बाबांनी मला गिटारवर धरून पाहिलं. मी श्वास रोखला. त्यांचा अंगठा बुजवलेल्या भोकांवरून फिरला. "भोकं मीच भरली," ते म्हणाले. "त्यांच्या शेजारीच नवी पाडलीत. इथे पुन्हा पोखरलं तर लाकूड चिरेल." एवढं बोलून त्यांनी मला पुन्हा त्या मऊ फडक्याने पुसलं. आधीपेक्षा जास्त वेळ पुसलं. पण पुसल्याने काही परत बसता येत नाही.

दुसऱ्या दिवशीची तालीम भोंग्याने गाजवली, हे तिने जिन्यातूनच ओरडून सांगितलं. अख्ख्या इमारतीला कळलं.

कार्यक्रमाच्या दिवशी निघताना आत्याने कपाटाकडे हात केला. आईने तोंड उघडलं. मला वाटलं, आता विचारणार, 'चष्मा हवाय का?' पण आईने तोंड मिटलं, डबी उचलली आणि काही न विचारता आत्याच्या मांडीवर ठेवली. शहाणी झाली होती ती!

पहिल्या रांगेच्या टोकाला चाकांची खुर्ची. सभागृहातले दिवे मंद झाले. आत्याने मला डबीतून काढलं, मांडीवर ठेवलं, आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून माझ्या पाठीवर आणला. तळव्याची टाच बरोबर माझ्या तपकिरी डागावर टेकली. या वेळी तो हात घसरला नाही, कारण वर डावा हात होता.

स्टेजवर भोंगा उभी राहिली. केस उडवले नाहीत, नाचली नाही. पाणबुडी सुरू झाली. शेवट आला. सूर खाली जायला लागला आणि मला माझ्या जुन्या जागेची इतकी आठवण आली म्हणून सांगू! तिकडे दुसरीच कुणी झुकत होती. माझ्या पाठीवर तार नव्हती, पोटाखाली स्प्रिंग नव्हती. होता फक्त एक जड, गार हात, आणि त्या हाताला आत कुठेतरी सगळं आठवत असणार असं मला वाटत होतं. मी थरथरायचा प्रयत्न केला. काही झालं नाही. सूर वर आला. आपल्या दारात, बरोबर.

टाळ्या! केवढ्या टाळ्या! आत्याला टाळी वाजवता येईना. ती डाव्या हाताने माझ्यावर पडलेल्या उजव्या हातालाच थोपटत राहिली. प्रत्येक थापेला मी तिच्या मांडीवर जराशी झुकत होते आणि परत जागेवर येत होते.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. काही बिघडलं तर जे हलताना दिसतं, गंजलेलं दिसतं, त्यालाच लगेच उपटून काढू नका. सूर एकीकडे बिघडतो आणि तार भलतीकडेच अडकलेली असते. आणि तुमच्या घरात कुणाला बोलता येत नसेल, त्याने पेन्सिल मागितली तर आधी पेन्सिल द्या. कागद आपल्या मनातून आणू नका. मग थांबा आणि बघा, तो ती कुठे नेतो. आम्हाला सांगता येत नाही हो. मला नाही आणि आत्यालाही नाही. आम्ही नुसती वाट बघतो.

हल्ली रोज संध्याकाळी भोंगा सरावाला बसली की आत्या मला मांडीवर घेते आणि तो हात माझ्यावर ठेवते. हात अजून दाबत नाही. मला त्याला शिकवता येत नाही, ढकलता येत नाही, धीरही देता येत नाही. मी फक्त त्याच्याखाली असते, तपकिरी डाग वर करून.